कोणाच्या बांधावरून आला तांबेरा?

अब्बा गव्हातून फिरून आले की त्यांचा पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत विटकरी झालेला असायचा. 1970 च्या दशकाचा शेवट, निफाड तालुका, मी चौथीत. त्या रब्बीत तांबेरा पडला होता. शेजारच्या अण्णांनी बाहेरचे बियाणे आणले म्हणून रोग आला, असे अब्बांचे म्हणणे. अण्णांचे म्हणणे नेमके उलट. बांधावर बोलाचाली झाली आणि दोघांचे बोलणे तुटले, ते अब्बा जाईपर्यंत.

मी कलाशाखेचा पदवीधर. पायजम्याला लागलेली ती भुकटी काय होती, हे फार उशिरा वाचले. तांबेरा ही बुरशी. पानावर, दांड्यावर तिच्या पुळ्या उठतात, वरचा पापुद्रा फाटतो आणि आतून बीजाणू सांडतात. एका पुळीतून दिवसाला हजारो. इतके बारीक, की मिलिमीटरभर रेघेत तीस-चाळीस मावावेत. वारा ते उचलतो. पान काही तास दवाने ओले राहिले, की त्यावर पडलेल्या बीजाणूला कोंब फुटतो. पान ज्या छिद्रांतून श्वास घेते, त्यातूनच तो आत शिरतो. हवा मानवली तर आठ-दहा दिवसांत तिथे नवी पुळी. आज चार पाने तांबूस दिसतात आणि महिन्याभरात सगळे वावर, ते यामुळे.

पण पहिला बीजाणू येतो कुठून? आपल्याकडे वैशाखात शेतात गव्हाचे हिरवे पान नसते आणि त्या उन्हात बीजाणू तगत नाही. युरोप-अमेरिकेत संशय बार्बेरीच्या झुडपावर होता आणि काळ्या तांबेऱ्यापुरता तो खराही होता. अमेरिकेने तर 1918 पासून ती झुडपे उपटण्याची मोहीमच काढली. तिची भावंडे, म्हणजे आपली दारुहळद, हिमालयात आहेतच. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता 1923 च्या सुमारास या शोधाला लागले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी दाखवून दिले, की इथे दारुहळदीचा काही दोष नाही. तांबेरा उन्हाळा काढतो तो थंड डोंगरांत, तिथे हिरव्या राहिलेल्या गव्हावर. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत.

पुढे 1970 च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या तांबेऱ्याची वाटही शोधली. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठते, त्याचे वारे निलगिरीवरचे बीजाणू उंचावरून शेकडो मैल उत्तरेकडे नेतात आणि पाऊस त्यांना धुऊन खाली शेतात उतरवतो. वाऱ्यावर मी पुष्कळ कविता केल्या. त्यांतला वारा नेहमी सुगंधच घेऊन येतो.

अण्णा आता नव्वदीला टेकलेत. मागच्या दिवाळीत त्यांना हे सगळे सांगितले. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या अब्बांना हे कुणी सांगितलं असतं तर..." पुढचे बोललेच नाहीत. थोड्या वेळाने विचारले, "निलगिरीहून निघाला की आपल्या आधी कोणाकडं उतरतो रे?"

"कर्नाटकात, अण्णा. धारवाडकडं."

"तिकडंही मग भांडत असतील," ते म्हणाले.