220च्या खाली

चाचांनी लॅगिंगचा पॅड दोन बोटांत दाबला, नाकाशी नेला आणि बाजूला टाकला. ‘भिजलाय,’ ते म्हणाले. वरून पाहिलं तर पॅड ठीक दिसत होता. टाके घातलेल्या गोधडीसारखं जाड कापड, आत रॉकवूल, कडेला तारेचे हूक. पण आतल्या लोकरीत डिझेल मुरलेलं होतं. असा पॅड पुन्हा गरम एक्झॉस्टवर बांधला, तर ज्यानं आग अडवायची तेच तिचं सरपण होतं.

हे सगळं मुंबईच्या इंदिरा डॉकमध्ये धक्क्याला लागलेल्या एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये चाललं होतं. मुख्य इंजिन बंद होतं, पण विजेसाठी एक नंबरचा जनरेटर धडधडत होता. कानांवर मफ होते, तरी ती धडधड बरगड्यांत जाणवत होती. दोन नंबरच्या जनरेटरचा इंधनाचा पाइप बदलून झाला होता. त्यासाठी काढलेले पॅड आता परत बसवायचे होते. चाचा दापोलीकडचे. जहाजावर ते ऑइलर, म्हणजे इंजिनरूमच्या उतरंडीत जवळजवळ तळाला. त्यांच्या वरचा थर्ड इंजिनिअर वयानं त्यांच्या मुलासारखा. चाचा त्याला ‘तीन साब’ म्हणतात आणि तो त्यांना ‘चाचा’.

मी इथं आले ती 2025च्या जूनमुळे. 9 जूनला कोलंबोहून न्हावाशेव्याकडे निघालेल्या ‘वान हाय 503’ या कंटेनर जहाजावर केरळच्या समुद्रात स्फोट होऊन आग लागली. 22 जणांपैकी 18 वाचले, चौघे बेपत्ता झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस कांडल्याहून ओमानला निघालेल्या ‘यी चेंग 6’ या तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागली. त्यावर 14 भारतीय होते, आणि ‘आयएनएस तबर’ मदतीला धावली. पहिल्या आगीचे फोटो सगळीकडे झळकले, पण मला दुसरी अस्वस्थ करत राहिली. बंद कंटेनरमध्ये कुणी काय भरलं, ते खलाशाला कळत नाही. इंजिनरूम मात्र त्याच्या रोजच्या हाताखालची. तिथं आग लागू नये म्हणून रोज नेमकं काय करतात, ते मला बघायचं होतं.

उत्तर तीन साबनं एका आकड्यात दिलं: 220. जहाजांच्या सुरक्षिततेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या पृष्ठभागाचं तापमान 220 अंशांच्या वर जातं आणि इंधनाची नळी फुटली तर ज्यावर तेल उडू शकतं, तो झाकलाच पाहिजे, असं त्यात आहे. इंजेक्शनच्या नळीत इंधन शेकडो बारच्या दाबानं धावतं. तिला केसाएवढी चीर गेली की तेल गळत नाही, त्याचं धुकं होतं. ते धुकं उघड्या एक्झॉस्टवर बसलं, तर ठिणगीचीही गरज उरत नाही. म्हणून दाबाच्या नळीवर दुसरी नळी, जोडांवर तेल न उडू देणारी टेप, आणि एक्झॉस्टवर हे पॅड.

चाचांनी टेंपरेचर गन काढली आणि चालू जनरेटरवर फिरवली. पॅडवर 58. पुढे 61. टर्बोचार्जरजवळ दोन पॅड जिथं भिडतात, तिथं बोटभर फट होती. गनवर आकडा आला 263. त्यांनी तो मला दाखवला, मग तीन साबला दाखवला. ‘दोनशे वीस,’ एवढंच ते म्हणाले.

तीन साबनं घड्याळाकडे पाहिलं. जहाज रात्री सुटणार होतं. चेकलिस्टमध्ये ‘लॅगिंग तपासलं’ अशी एक चौकट असते, तिच्यात खूण करायला दोन सेकंद लागतात. फट बुजवायची तर दोन नंबर आधी तयार करायचा, लोड त्याच्यावर घ्यायचा, एक नंबर थांबवून गार होऊ द्यायचा. म्हणजे काही तास. मला त्या पोराचा राग आला नाही. बंदरातला मुक्काम आखडत चाललाय, माणसं मोजकी. ‘वान हाय’ सुमारे 270 मीटर लांबीचं जहाज होतं, आणि त्यावर 22 माणसं. आगीपासून बचावाचे नियम वाढत गेले, पण ते पाळणारे हात वाढले नाहीत, हे मला इथं उभं राहून फार बोचलं.

याच गोदीच्या शेजारी, व्हिक्टोरिया डॉकमध्ये, 14 एप्रिल 1944ला ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज उभं होतं. त्याच्या दोन नंबरच्या एकाच होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कप्प्यात, कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, आणि तो पाळायलाच हवा. पण माल भरताना कापूस दुसरीकडे ठेवला असता, तर त्या 66 जणांना तिथं जावंच लागलं नसतं. मला वाटतं, चाचांचं काम त्या मालाच्या मांडणीच्या जागी आहे, धूर दिसण्याच्या कितीतरी आधी.

भर समुद्रात बंब येत नाही. आग आवरली नाही तर इंजिनरूम बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडतात. पण त्याआधी माणसं मोजावी लागतात, कारण आत राहिलेला माणूस त्या वायूत जगत नाही. हे सांगताना तीन साबचा आवाज खाली आला. मग त्यानं चीफ इंजिनिअरला फोन लावला आणि एक नंबर थांबवायची परवानगी मागितली.

चाचांनी स्टोअरमधून कोरा पॅड आणला, दोन नंबरवर बांधला, हूक पक्कडीनं पिळले. ड्रिप ट्रेमधलं तेल पुसलं, तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. दोन नंबर सुरू झाला. लोड घेतल्यावर ते पुन्हा गन घेऊन खालपासून वरपर्यंत गेले: 57, 60, 66. लॉगबुकात ‘दोन नंबर, इंधन पाइप बदलला’ अशी नोंद झाली. पॅडचा उल्लेख नव्हता. तीन साबला मी ते बोलून दाखवलं. त्यानं खाली आणखी एक ओळ लिहिली, आणि चाचा एक नंबर गार होण्याची वाट बघत फटीच्या मापाचा तुकडा कापायला बसले.