वर्गाआधीचा जपान

परदेशात इंग्रजी शिकवायला निघालेल्या माणसाला घरचे-बाहेरचे सगळे एकच विचारतात: उच्चार जमतील का, मुले ऐकतील का? जपानपुरते बोलायचे तर हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचे आहेत. पहिल्या महिन्यात परीक्षा घेतात ती नगरपालिका, बँक आणि घरमालक. तयारी मात्र वर्गाची केली जाते, आणि या नोकरीबद्दलचे बहुतेक गैरसमज या उलट्या क्रमातून निघतात.

सर्वांत जुना गैरसमज असा, की हे काम फक्त गोऱ्यांना मिळते. त्याला थोडा आधारही आहे. १९८७ साली जपान सरकारची जेट योजना सुरू झाली तेव्हा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चारच देशांतून ८४८ जण आले होते, आणि खासगी संभाषणवर्गांच्या जाहिरातींत ‘नेटिव्ह’ हा शब्द अजूनही दिसतो. पण व्हिसाचा नियम निराळेच काही विचारतो. शाळेत सहायक भाषाशिक्षक म्हणून ‘शिक्षण’ या प्रकारच्या व्हिसावर जायचे, तर साधारणपणे पदवी हवी आणि जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान बारा वर्षे शिक्षण झालेले हवे. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला पुण्याचा पदवीधर यात सहज बसतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्याचे गणित मात्र अडते. अकरावी-बारावीची दोन, अभियांत्रिकीची चार आणि पदव्युत्तर दोन धरली तरी वर्षे आठच भरतात, मग त्याचे इंग्रजी कितीही उत्तम असो. हा अन्याय वाटेल, पण तो अर्ज करण्याआधी ठाऊक असलेला बरा. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे टोकियोत राहणाऱ्या मराठी जोडीदारांनाही एक गोष्ट माहीत हवी: अवलंबितांच्या व्हिसावर वेगळी परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते.

दुसरी समजूत, की गेल्या गेल्या वर्ग आपल्या हाती येतो. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आणि जेटचे बहुतेक शिक्षक पोहोचतात ते जुलैअखेरीस किंवा ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. पहिले काही आठवडे रिकाम्या शिक्षक-खोलीत टेबलाशी बसून जातात. वर्ग भरल्यावरही परदेशी माणूस सहायकच असतो. अभ्यासक्रम आणि गुण ही जबाबदारी जपानी शिक्षकाची. त्यातही कंत्राटी गुंता आहे. मध्यस्थ कंपनीने शाळेचे काम ‘ठेक्याने’ घेतले असेल, तर वर्गातला जपानी शिक्षक त्या सहायकाला कायद्याने थेट सूचना देऊ शकत नाही, कारण त्याचा मालक शाळा नसून कंपनी असते. दोघांनी मिळून शिकवायचे आणि एकाने दुसऱ्याला काही सांगायचे नाही, अशी ही अजब व्यवस्था.

खरी कसोटी कागदांची आहे. नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच निवासी ओळखपत्र, म्हणजे झाइर्यू कार्ड, हाती मिळते. ते मिळाले म्हणजे काम झाले असे वाटते, पण त्यावर पत्ता नसतो. राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत जाऊन तो नोंदवावा लागतो. आल्यापासून ९० दिवस योग्य कारणाशिवाय नोंद टाळली, तर राहण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. हा पत्ता नोंदल्याशिवाय बँकेत खाते उघडत नाही. बँक फोन नंबर मागते आणि फोन कंपनी बँकेचे खाते किंवा क्रेडिट कार्ड मागते. शिवाय जपानमध्ये सहा महिने पूर्ण न झालेल्या परदेशी माणसाला अनेक बँका उभेच करत नाहीत. पगार मात्र खात्यातच जमा व्हायचा असतो. म्हणून नवखे लोक पोस्टाच्या बँकेकडे किंवा नोकरी देणाऱ्याने सुचवलेल्या बँकेकडे वळतात, आणि फोनसाठी आधी भारतातले आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड वापरतात. या साखळीत कोणता कागद कशावर अवलंबून आहे हे ज्याने आधी मांडून घेतले, त्याचे दोन आठवडे वाचतात.

यावर कोणी म्हणेल, एवढा शिस्तीचा देश, नोकरी देणारे सगळे पाहतातच की! जेटच्या बाबतीत हे बरेच खरे आहे. विमानाचे तिकीट मिळते, आणि गावचे शिक्षण मंडळ बहुधा घर शोधायलाही मदत करते. मात्र मध्यस्थ कंपन्यांकडून किंवा संभाषणवर्गांकडून जाणाऱ्यांना ती खात्री नसते. भाड्याच्या घरासाठी शिकिकिन ही अनामत, रेइकिन ही परत न मिळणारी रक्कम, दलाली, हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क आणि पहिले भाडे मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे सुरुवातीलाच मोजावे लागू शकतात. घर बहुधा रिकामे मिळते. पडदे, गॅसची शेगडी, कधी कधी छताचा दिवासुद्धा नसतो. आणि पहिला पगार अनेक ठिकाणी पुढच्या महिन्यात होतो.

उरला पगाराचा गुणाकार. येनला रुपयात बदलून बचतीचा हिशेब करणारे एक गोष्ट विसरतात: स्थानिक रहिवासी कर मागच्या वर्षीच्या जपानमधल्या उत्पन्नावर लागतो. त्यामुळे नवख्याला पहिल्या वर्षी तो जवळजवळ जाणवत नाही, आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून पगार अचानक रोडावल्यासारखा वाटतो. नोकरदारांच्या पेन्शनमध्ये १८.३ टक्के जातात, निम्मे कामगाराचे. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू असल्याने ही वर्षे वाया जात नाहीत. पण काही लहान कंपन्या आठवड्याचे तास तीसच्या किंचित खाली ठेवतात. मग कामगार नोकरदारांच्या विम्यात बसत नाही, आणि राष्ट्रीय पेन्शन व आरोग्य विम्याचे हप्ते त्याला स्वतःच भरावे लागतात.

तेव्हा करार हाती आला की पगाराचा आकडा वाचण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: घराची हमी कोण देणार, पहिला पगार नेमक्या कोणत्या तारखेला होणार, आणि आठवड्याचे तास किती.