गडावर निघण्याआधी जुन्या गाडीला तीन प्रश्न

आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी आठ हजारांचे अंतर्गत कर्ज मागितले. कारण विचारले, तर म्हणाल्या, "नातवाचं जाऊळ काढायला सप्तशृंगी गडावर जायचंय. त्याआधी गाडी नीट करायची." गाडी म्हणजे जुनी मारुती 800. ही गाडी बनवणे कंपनीने 2014 सालीच बंद केले, म्हणजे गाडीचे वय तुम्हीच मोजा. खर्चाची यादी पाहिली : सीट कव्हर, रंग आणि नवा स्पीकर. ब्रेकचे नावही नाही. विचारले तर उत्तर आले, "गाडी ते चालस ना!"

चालते, हे खरे. पण धुळ्याहून मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरीला पोचलो, की पुढे गडाचा घाट लागतो. चढताना इंजिन तापते, उतरताना ब्रेक तापतात. गाडीत लेकरे आणि म्हातारी माणसे असतात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी गाडीला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : गाडी थांबते का? आपण ब्रेक दाबतो, तेव्हा नळीतले ब्रेक ऑइल तो दाब चाकापर्यंत नेते. पावसाळ्यात उघडे मीठ जसे ओले होते, तसे हे ऑइलही हवेतला ओलावा ओढून घेते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते तापते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाखालचे पेडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे. चाके खोलून पुढचे ब्रेक पॅड आणि मागचे ब्रेक लायनर किती झिजलेत ते बघायचे. हँडब्रेकही ओढून बघायचा.

दुसरा प्रश्न : गाडी तापते का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायची आपल्याला सवय. पाणी तापवायच्या पातेल्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि पाणी फिरत नाही. रेडिएटर साफ करून त्यात कूलंट भरून घ्या. रबरी पाइप दाबून बघा. चिरा पडल्या असतील तर बदला. इंजिन तापल्यावर पंखा आपोआप सुरू होतो का, तेही बघा. वाटेत काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि निवू द्या. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे शिट्टीला आलेल्या कुकरचे झाकण उघडणे.

तिसरा प्रश्न : टायर रस्ता धरतात का? टायरच्या बाजूवर एका चौकटीत चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. गाडी उभी राहिली तरी रबर वयाने कडक होते, चिरते. खाचांची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, की तो बदलायचा. स्टेपनीत हवा आणि डिकीत जॅक-पाना आहे ना, हेही बघा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. पेट्रोल वाचवायला घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरू नका. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये जळगावात ओम्नी गाडीत असा गॅस भरताना स्फोट झाला. लोक भाजले, जीव गेले. गॅस किट असेल, तर त्याची नोंद आरसी बुकात हवी आणि गॅस पंपावरच भरायचा. आरसी बुक हातात आहेच, तर तारीखही बघा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. विमा आणि पीयूसीची मुदतही तपासा.

आता गॅरेजची गोष्ट. "दादा, गाडी बघून द्या" एवढेच म्हणू नका. कामे कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक कामाचा अंदाजे खर्च आधी विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागा, पक्के बिल घ्या. बाईमाणसाने विचारले तर हसतील, असे वाटते. हसू द्या. पैसे आपले आहेत आणि लेकरेही आपली. काम निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी उरका. मग गाडी जवळच्या गावाला नेऊन आणा. परत आल्यावर उभ्या गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला, तर काहीतरी गळते आहे.

आणि घरच्या ड्रायव्हरला बजावा : ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचे. पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रल करायचे नाही.

आमच्या गटाने ताईंना कर्ज दिले, पण यादी बदलून. चाक खोलल्यावर मेकॅनिकने पुढचे पॅड दाखवले. घासून लोखंडाला लागले होते. सीट कव्हर जुनेच राहिले. जाऊळ मात्र थाटात झाले, आणि सगळे सुखरूप घरी आले. कर्जाचा पहिला हप्ताही वेळेवर आला आहे.

तुमच्याही गटात गाडीसाठी कर्जाची मागणी आली, तर आधी यादी मागा.