पहिला यंत्रमानव जोडताना

सांगलीहून दिवाळीसाठी साताऱ्यास आलेल्या माझ्या भाच्याने, प्लास्टिकच्या यंत्रमानवाचा पहिला संच कोणता घ्यावा, असा प्रश्न केला. त्याला दिलेले उत्तर इतर जिज्ञासूंसाठी येथे नमूद करतो.

जपानच्या बांदाई कंपनीने १९८० साली, आदल्या वर्षीच्या दूरचित्रवाणी मालिकेतील गंडाम या यंत्रमानवाचे संच विक्रीस आणले, आणि आज त्यांच्या श्रेणी इतक्या आहेत की नवशिक्या गोंधळून जावा.

माझी शिफारस १/१४४ प्रमाणाच्या ‘एंट्री ग्रेड’ वा ‘हाय ग्रेड’ची: मूळचा अठरा मीटरांचा गंडाम येथे साडेबारा सेंटिमीटरांचा होतो, भाग गोंदाविना दाबून बसतात, आणि प्लास्टिक मुळातच रंगीत असल्याने रंगकाम अनिवार्य नसते. ‘रिअल ग्रेड’चे प्रमाण तेच, परंतु भाग अतिसूक्ष्म, तो मोह तूर्त आवरावा.

भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात; एंट्री ग्रेडचे हातानेच सुटतात. हाय ग्रेडला मात्र निपर, म्हणजे कापण्याची छोटी पक्कड, हवा, आणि तो प्रथम भागापासून किंचित दूर चालवून, उरलेला खुंट दुसऱ्या छेदाने काढून, मग बारीक पॉलिशपेपर फिरवावा; एकाच घावात लगत कापल्यास प्लास्टिकवर ताणाचा जो पांढरा डाग पडतो, तो गडद निळ्या छातीवर फार उठून दिसतो.

सर्व भाग एकदम कापू नयेत. क्रमांक चौकटीवर असतात, भागांवर नव्हे.