हेरपटातील पिस्तूल : नाव, रूप आणि यंत्र

नाटक व चित्रपट यांच्या अभ्यासात रंगसाहित्याचा विचार बहुधा नेपथ्याच्या अनुषंगाने, आणि तोही ओझरता, केला जातो. दिवा, पत्र, खुर्ची, तलवार या साऱ्या वस्तू अभ्यासकाच्या लेखी एकाच पंक्तीत बसतात. या पंक्तीत न बसणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे बंदूक. खोट्या पत्राने कोणाचे काही बिघडत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. कथेत त्याचे एक नाव असते, पडद्यावर त्याचे एक रूप दिसते, आणि नटाच्या हातात प्रत्यक्ष एक यंत्र असते. ही तिन्ही एकच असतील असा नियम नाही. त्यांच्यातील कोणता विसंवाद निरुपद्रवी व कोणता घातक, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी मुख्य आधार म्हणून ‘डॉक्टर नो’ (१९६२) हा जेम्स बाँड मालिकेतील पहिला चित्रपट घेतला आहे.

प्रथम नावाचा विचार करू. इयान फ्लेमिंग यांच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत बाँडजवळ .२५ व्यासाचे बेरेटा पिस्तूल असे. १९५६ साली जेफ्री बूथरॉइड या ग्लासगोच्या शस्त्रजाणकाराने फ्लेमिंग यांना पत्र लिहून हे पिस्तूल अशा पुरुषाला शोभणारे नाही, असा आक्षेप घेतला. फ्लेमिंग यांनी तो मानला. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ कादंबरीत बाँडचे बेरेटा काढून घेतले जाते व त्याला ७.६५ मिलिमीटरचे वॉल्थर पीपीके दिले जाते. ते सुचविणाऱ्या शस्त्रागार-अधिकाऱ्याचे नाव फ्लेमिंग यांनी मेजर बूथरॉइड असेच ठेवले. वाचकाच्या एका पत्रातून पात्राचे शस्त्र बदलावे आणि पत्रलेखकाने स्वतः पात्र होऊन कथेत यावे, असा प्रसंग साहित्याच्या इतिहासात विरळाच म्हटला पाहिजे.

चित्रपटात हाच प्रसंग आला. परंतु कथेतील नाव व पडद्यावरील रूप यांची फारकतही तेथेच झाली. संवादात ज्याला पीपीके म्हटले आहे, ते शस्त्र वस्तुतः वॉल्थर पीपी आहे. पीपी हे १९२९ साली निघालेले मूळ पिस्तूल, आणि पीपीके ही त्याचीच आखूड आवृत्ती. पहिल्याची नळी सुमारे ९८ मिलिमीटर, तर दुसऱ्याची सुमारे ८३ मिलिमीटर लांब असते. याच चित्रपटात पुढे प्राध्यापक डेंट अंधारात गोळ्या झाडतो, तेव्हा बाँड त्याच्या हातातील शस्त्र स्मिथ अँड वेसन असल्याचे सांगतो आणि त्याच्या सहा गोळ्या संपल्या, असा हिशेब मांडतो. प्रेक्षकाला मात्र दिसते ते कोल्ट कंपनीचे १९११ नमुन्याचे पिस्तूल. त्याच्या मॅगेझिनमध्येच सात काडतुसे मावतात. ज्या प्रसंगाचा सारा डोलारा गोळ्या मोजण्यावर उभा आहे, त्यात मोजदादच चुकलेली आहे. तरीही त्या प्रसंगाचा परिणाम उणावत नाही. प्रेक्षक शस्त्राची जात ओळखीत नाही. तो पात्राचा आत्मविश्वास ओळखतो.

या फारकतीचे परमोच्च उदाहरण पुढील चित्रपटाच्या, म्हणजे ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या (१९६३) जाहिरातीत आढळते. छायाचित्रे घेण्याची वेळ आली, तेव्हा वॉल्थर पिस्तूल आणण्याचे राहून गेले होते. छायाचित्रकार डेव्हिड हर्न यांनी स्वतःजवळचे वॉल्थर कंपनीचेच हवेच्या दाबावर चालणारे एलपी-५३ हे पिस्तूल शॉन कॉनरी यांच्या हाती दिले. निशाणीवर ४.५ मिलिमीटरचे छर्रे मारण्याचे ते साधन! पण त्याच्या लांब नळीमुळे चित्राला जी ऐट आली, ती भित्तिपत्रकांतून जगभर गेली. २०१० साली हेच पिस्तूल लंडनच्या लिलावात अडीच लाख पौंडांहून अधिक किमतीला विकले गेले. शस्त्र म्हणून ज्याची गणना खेळण्याच्या जवळपास व्हावी, ते चिन्ह म्हणून असे मोलाचे ठरले. नाव आणि रूप यांतील विसंवादाने येथे कोणाचीच हानी झाली नाही, उलट लाभच झाला.

आता तिसऱ्या अंगाकडे, म्हणजे यंत्राकडे वळू. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात शस्त्रांचा विचार आला आहे. रंगभूमीवरील आयुधे हलकी असावीत, नटाला त्यांचा भार होऊ नये, म्हणून ती लोखंडासारख्या जड द्रव्यांची न करता बांबू, लाख इत्यादींची करावीत, असे तेथे सांगितले आहे. प्रहार प्रत्यक्ष न करता केवळ सूचित करावा, हाही दंडक आहे. प्रेक्षक दूर बसलेला असतो, तेथे सूचनेने भागते. कॅमेरा मात्र हाताच्या अंतरावर येतो. धातूची झळाळी, नळीतून निघणारी ज्वाला, मागे सरकणारी स्लाइड आणि उडून पडणारे रिकामे काडतूस हे सारे त्याला हवे असते. ते देण्यासाठी चित्रपटाने लाखेचे आयुध सोडून खरे यंत्र पत्करले, आणि प्रश्न तेथूनच उद्भवला.

खऱ्या काडतुसाचे चार घटक असतात : पितळी कोश, ठोका बसताच पेटणारी टोपी, दारू आणि गोळी. चित्रीकरणासाठीच्या बिनगोळी काडतुसात, म्हणजे व्यवहारातील ‘ब्लँक’मध्ये, पहिले तीन असतात, चौथा नसतो, कोशाचे तोंड दुमडून बंद केलेले असते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात यामुळे एक अडचण येते. एरवी गोळी नळीतून पुढे जात असताना मागे कोंडलेला वायूचा दाब स्लाइडला मागे ढकलतो. गोळीच नसेल तर वायू मोकळा निघून जातो व स्लाइड हलत नाही. यास्तव नळी आतून अरुंद करून तिला बारीकसे छिद्र तेवढे ठेवतात. वॉल्थर पीपीची नळी स्थिर असून स्लाइड केवळ स्प्रिंगच्या जोरावर धरलेली असते, म्हणून त्यात हा बदल सुलभ होतो. कोल्ट १९११ मध्ये नळी व स्लाइड परस्परांत अडकलेल्या असल्यामुळे अधिक फेरफार करावे लागतात.

रिव्हॉल्व्हरला यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. त्याचे चक्र बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोराने फिरते, वायूच्या नव्हे. म्हणून त्याची नळी मोकळीच ठेवता येते. ही सोय दिसते, पण धोक्याचे मूळ तीच आहे. ज्या नळीतून वायू मोकळेपणी जातो, तिच्यातून गोळीही जाऊ शकते.

पुढील तीन दुर्घटना या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. तिन्हींत शस्त्र रिव्हॉल्व्हरच होते. १९८४ साली ‘कव्हर अप’ या हेरकथांच्या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणस्थळी जॉन-एरिक हेक्सम या तरुण नटाने ब्लँक भरलेले शस्त्र थट्टेने स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हती, पण इतक्या जवळून वायूचा आघातच प्राणघातक ठरला. उरलेल्या दोन घटना हेरपटातील नव्हेत, तथापि त्यांतील यंत्र तेच आहे. १९९३ साली ‘द क्रो’च्या चित्रीकरणात, जवळून दिसावीत म्हणून तयार केलेल्या दिखाऊ काडतुसांतील दारू काढली होती, टोपी मात्र तशीच राहिली होती. टोपीच्या अल्प जोराने एक गोळी नळीत शिरून अडकली व कोणाच्या ध्यानी आली नाही. पुढे त्याच शस्त्रात ब्लँक भरून ते झाडताच ती गोळी सुटली आणि ब्रँडन ली हा नट मृत्यू पावला. २०२१ च्या ऑक्टोबरात न्यू मेक्सिकोमध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या तालमीत शस्त्र निर्धोक असल्याचे सांगून नटाच्या हाती दिले गेले. त्यात खरे काडतूस होते. छायाचित्रणकार हलाइना हचिन्स यांचा त्यात अंत झाला.

तिन्ही ठिकाणी सत्य एकच दिसते. हातातील यंत्राविषयी जे सांगितले वा मानले गेले, ते यंत्राच्या स्थितीशी जुळत नव्हते. पीपीला पीपीके म्हटल्याने कथेला बाध येत नाही. भरलेल्याला रिकामे म्हटल्याने माणूस मरतो. पहिला विसंवाद कलेच्या कक्षेतला आहे, दुसरा कलेच्या कक्षेबाहेरचा. म्हणूनच चित्रीकरणस्थळी शस्त्राधिकारी नेमलेला असतो. प्रत्येक वेळी शस्त्र उघडून दाखविणे, नळीतून प्रकाश आरपार दिसतो की नाही हे पाहणे, आणि एकाने तपासलेले दुसऱ्याने पुन्हा तपासणे, ही त्याच्या कामाची मूलतत्त्वे होत. पडद्यावर मेजर बूथरॉइड बाँडच्या हाती पिस्तूल देतो, तेव्हा तो प्रसंग गमतीचा वाटतो. पडद्यामागे तेच देणेघेणे अत्यंत गांभीर्याने व्हावे लागते.

‘रस्ट’च्या दुर्घटनेनंतर अनेक निर्मात्यांनी गोळी झाडू न शकणारी शस्त्रे वापरून ज्वाला संगणकाने मागाहून रेखाटण्याचा मार्ग स्वीकारला आहे. एका अर्थी हे भरतमुनींच्या लाखेच्या आयुधाकडे परतणेच होय. अभ्यासकांपुरते सांगावयाचे तर, चित्रपटातील शस्त्राचे वर्णन करताना त्याचे कथेतील नाव, पडद्यावरील रूप आणि हातातील यंत्र यांची नोंद पृथक् करावी. पहिल्या दोहोंच्या तुलनेतून दिग्दर्शकाची दृष्टी कळेल. तिसऱ्याची नोंद घेताना मात्र स्मरणात ठेवावे, की त्या यंत्रासमोर उभा असलेला माणूस पात्र म्हणून मरण्याचा अभिनय करीत असला, तरी माणूस म्हणून त्याला सायंकाळी घरी जावयाचे असते.