बर्फावरचा वाटाड्या

ज्या देशांत हिवाळ्यात डोंगरांवर बर्फाचे थर साचतात, तेथील लोकांना उतारावरून घसरत जाण्याच्या खेळाचे मोठे वेड असते. पायांतील बुटांना लांब, अरुंद पट्ट्या जोडायच्या, हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि वाऱ्याच्या वेगाने खाली यायचे, असा हा खेळ. या पट्ट्यांना 'स्की' म्हणतात. शर्यतीच्या मार्गावर ठिकठिकाणी खांब रोवून दारे केलेली असतात. एकही दार न चुकवता जो सर्वांत कमी वेळात खाली पोचतो, तो विजयी होतो. डोळस माणसाचीही येथे कसोटी लागते. मग ज्याला मुळीच दिसत नाही, किंवा केवळ धूसर छाया दिसतात, त्याने हे धाडस कसे करावे?

तरीही असे स्पर्धक आहेत. अपंग खेळाडूंच्या हिवाळी पॅरालिम्पिक स्पर्धा १९७६ साली स्वीडनमध्ये प्रथम भरल्या. आज या स्पर्धांत दृष्टिहीन खेळाडू कधी कधी ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरतात. त्यांच्यासोबत एक डोळस वाटाड्या असतो.

अंधाला हात धरून रस्ता ओलांडून देणारा सोबती तुम्ही पाहिला असेल. हा वाटाड्या मात्र हात धरत नाही. शर्यतीत स्पर्श करण्याची मुभाच नसते. तो बहुधा स्पर्धकाच्या पुढे धावतो. दोघांच्या शिरस्त्राणांत लहानशी बिनतारी यंत्रे बसविलेली असतात. 'डावीकडे', 'आता वळ', 'पुढे चढ आहे', अशा मोजक्या शब्दांत तो सूचना देत जातो. लांबलचक वाक्याला येथे वेळ नसतो. ते पुरे होईपर्यंत दार मागे पडलेले असते. ज्यांना थोडेफार दिसते, त्यांच्या नजरेस पडावे म्हणून वाटाड्याचा अंगरखा भडक रंगाचा असतो. जे पूर्णतः अंध आहेत, त्यांना केवळ आवाजाचाच आधार.

वाटाड्याचे खरे अवघड काम निराळेच आहे. त्याची दृष्टी पुढच्या दाराकडे असते आणि ध्यान मागच्या माणसाकडे. तो मंदावला, तर स्पर्धक त्याच्यावर येऊन आदळेल. फार पुढे गेला, तर जोडी बाद ठरू शकते. म्हणून स्पर्धकही उत्तरे देत राहतो, आणि त्याच्या आवाजावरून वाटाड्या आपला वेग आवरतो किंवा वाढवितो. अर्थात, वाटाड्याला स्वतःलाही उत्तम धावता आले पाहिजे.

२०१८ साली दक्षिण कोरियातील प्याँगचांग येथे ब्रिटनची मेना फिट्झपॅट्रिक शर्यतीत उतरली. तिचे वय १९ वर्षांचे होते. तिला एका डोळ्याने काहीच दिसत नाही, आणि दुसऱ्याची दृष्टी शेकडा पाचच्या आसपास. तिच्या वाटाड्या जेन किहो या सैन्यातील अधिकारी होत्या. पहिल्याच शर्यतीत मेना कोसळली. अशा पडण्यानंतर पुढच्या आवाजावर पुन्हा विश्वास टाकणे सोपे नसते; तिने तो टाकला. त्यानंतरच्या शर्यतींत या जोडीने एक कांस्य आणि दोन रौप्य पदके मिळविली. शेवटच्या दिवशी नागमोडी वळणांची 'स्लॅलम' शर्यत होती. तीत दोन फेऱ्यांच्या वेळांची बेरीज करतात. पहिल्या फेरीअखेर स्लोव्हाकियाची हेन्रिएता फारकाशोवा पुढे होती. दुसऱ्या फेरीत या दोघींनी तिला मागे टाकून सुवर्णपदक जिंकले. पदके दोन देण्यात आली, एक मेनाला आणि एक जेन यांना.

कित्येकदा हे नाते घरातूनच चालत आलेले असते. २०२२ साली बीजिंग येथे ऑस्ट्रियाच्या व्हेरोनिका आयग्नरने दोन सुवर्णपदके मिळविली, तेव्हा तिच्या पुढे तिची बहीण एलिझाबेथ होती. त्याच स्पर्धेत ब्रिटनच्या नील सिम्प्सनने सुवर्णपदक जिंकले, ते आपला भाऊ अँड्र्यू याच्या आवाजामागे धावून.