मुंग्यांची चटणी आणि चाऱ्याचा हिशेब

राळेगणसिद्धीने पाणी अडवलं, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच गावाने चराईबंदीही पाळली, तिची आठवण मात्र कमी निघते. अहिल्यानगर जिल्ह्यातला पारनेर तालुका अवर्षणप्रवण. वर्षाचा पाऊस बहुधा ४०० ते ५०० मिलिमीटर. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तिथे सुधारणेची कामं सुरू झाली, पुढे पाणलोटाचा विकास झाला आणि डोंगरउतारावर गुरं-शेळ्या मोकाट सोडायच्या नाहीत, असं गावाने ठरवलं. गवत कापायचं, भारा बांधायचा, घरी आणून दावणीला टाकायचा. चारा असा डोक्यावरून वाहावा लागला, की एक जनावर किती खातं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मांसाऐवजी किडे खाता येतील का, या प्रश्नाच्या मुळाशी हाच हिशेब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली यावर मोठा अहवाल काढला. त्यानुसार गुराचं वजन किलोभर वाढायला सुमारे ८ किलो खाद्य लागतं. किलोभर किडे वाढायला सुमारे २ किलो पुरतं. किडे थंड रक्ताचे असतात, अंग ऊबदार ठेवण्यात त्यांचं खाणं खर्ची पडत नाही. जगातले सुमारे २०० कोटी लोक किडे खातात आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १९०० हून अधिक आहेत, असाही या अहवालाचा अंदाज होता.

या २०० कोटींत आपल्या गडचिरोलीचे माडिया गोंडही येतात. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात लाल मुंग्या झाडावर घर करतात, आणि ते घर बघण्यासारखं असतं. मुंग्यांची एक फळी हिरवी पानं ओढून कडेला कडा भिडवते आणि धरून ठेवते. दुसरी फळी आपल्याच अळ्या तोंडात धरून त्या कडांवरून फिरवते. अळीच्या तोंडातून रेशमी धागा सुटतो आणि पानं शिवली जातात. असं घरटं फांदीसकट उतरवायचं म्हणजे हाताला कडकडून चावे घेऊ द्यायचे. मग अंडी, अळ्या, मुंग्या झाडून घ्यायच्या आणि मिरची, मीठ, लसूण घालून पाट्यावर वाटायच्या. या चटणीला चिंच लागत नाही. मुंगीच्या अंगातलं फॉर्मिक आम्लच तिला आंबट करतं. ताप आला तर ती औषध म्हणूनही खाल्ली जाते. शेजारच्या बस्तरात आठवडी बाजारात बायका याच मुंग्या पानाच्या द्रोणात घालून विकतात. तिथे त्यांना ‘चापडा’ म्हणतात.

शहरातला माणूस हे ऐकून नाक मुरडतो आणि संध्याकाळी कोलंबीचं कालवण चवीने ओरपतो. कोलंबी, जवळा, खेकडा हे कीटकांचेच जवळचे नातेवाईक, सगळे संधिपाद. नातं इतकं जवळचं आहे, की ज्याला कोलंबीची ॲलर्जी आहे त्याला किडे खाऊनही त्रास होऊ शकतो. त्याने हा प्रयोग करूच नये.

काय खाद्य आणि काय अखाद्य, याची रेघ प्रत्येक समाज वेगळीच ओढतो. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे घरात मराठी बोलणारे, एके काळी शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’. खवलं आणि पर नसलेले मासे ते खात नसत. दाविद रहाबी नावाच्या पाहुण्याने बायकांपुढे मासे ठेवले, त्यांनी असे मासे बाजूला काढले आणि त्यावरूनच हे यहुदी असल्याचं त्याला पटलं, अशी त्यांच्यात परंपरेने चालत आलेली कथा आहे. यहुद्यांच्या ज्या लेवीय ग्रंथाने कोलंबी निषिद्ध ठरवली, त्याच ग्रंथाने टोळांच्या चार प्रकारांना मुभा दिली. येमेनमधल्या यहुद्यांनी टोळ खाण्याची रीत शतकानुशतकं जपली.

आपल्याकडे टोळ आले ते मे २०२० मध्ये, मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत. संत्र्याच्या बागा वाचवायला कीटकनाशकं फवारावी लागली. पीक वाचवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. पण फवारलेला टोळ ना माणसाने खायचा, ना कोंबडीला घालायचा. म्हणून खाण्यासाठीचे किडे पाळावे लागतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्म अळीला आणि टोळाला मान्यता दिली, सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये १६ जातींना.

पारनेरसारख्या भागात किड्यांची भाकरी लगेच कुणाच्या ताटात येईल, असं वाटत नाही, आणि तशी सक्तीही नको. कोंबड्यांचं मात्र वेगळं आहे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उडते, तेव्हा अंगणातल्या कोंबड्या कशा तुटून पडतात, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं असतं. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या सडक्या भाजीपाल्यावर वाढतात आणि कोंबडीखाद्यात सोयापेंडीच्या काही भागाची जागा घेतात. पाणी मोजून वापरणाऱ्या गावांनी हा प्रयोग मनावर घ्यायला हवा.

गडचिरोलीचा प्रश्न मात्र बाजाराचा कमी आणि हक्काचा जास्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या सिमिलिपाल काई चटणीला भौगोलिक मानांकन मिळालं. तीही लाल मुंग्यांचीच. मुंग्यांना भाव आला तर व्यापारी येणार, आणि घरटी ओरबाडली गेली तर पुढच्या वर्षी मुंग्या राहणार नाहीत. किती घरटी काढायची हे गडचिरोलीतल्या ग्रामसभांनीच ठरवावं. ते त्यांना जमतं. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजांच्या व्याख्येत टसर, कोष, मध, मेण आणि लाख नावानिशी येतात. ही सगळी कीटकांचीच देणगी. त्या यादीत लाल मुंगीचं नाव नाही.